तीन दांड्यांची गाडी

जुन्या फोर-बाय-फोर महिंद्रा जीपच्या, किंवा तिच्याच चासीवर हौदा बसवलेल्या पिकअपच्या मागं उभं राहा आणि जरा खाली वाकून बघा. मागच्या एक्सलचं गोल हौजिंग मधोमध दिसणार नाही, ते उजव्या चाकाकडं सरकलेलं असेल. पुढचंही हौजिंग त्याच अंगाला. ट्रकचं मधोमध असतं, टेम्पोचं मधोमध असतं, मग हिचंच असं का? उत्तर गाडीच्या पोटात आहे. गिअरबॉक्सच्या पाठीला बोल्टनं आवळलेली बिडाची एक पेटी असते. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून या पेटीत येते, तिथं खाली आणि उजवीकडं उतरते, आणि मग दोन वाटांनी निघून जाते: एक मागच्या चाकांकडं, एक पुढच्या. ही ट्रान्सफर केस. तिच्या दोन आखूड दांड्या ड्रायव्हरच्या हाताशी येतात. गिअरची एक आणि या दोन, म्हणून तीन दांड्यांची गाडी.

ही पेटी उघडून पुन्हा बांधणं हे मराठवाड्यातल्या गॅरेजांमधलं आता कमी होत चाललेलं काम आहे. कमी होत चाललंय, कारण अशा गाड्या कमी झाल्या. काम अवघड म्हणून नव्हे. पेटीत कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, सीलबंद काहीच नाही. जे आहे ते डोळ्यांना दिसतं आणि हातानं चाचपता येतं. फक्त ते मोजावं लागतं, आणि बहुतेक बिघाड तिथंच होतो: लोक भाग बदलतात, माप घेत नाहीत.

पेटीचं घराणं मोठं आहे. क्लॅरन्स स्पायसर नावाच्या अमेरिकी माणसानं कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना मोटारीसाठी युनिव्हर्सल जॉइंट तयार केला आणि १९०४ साली न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्डला तो बनवायला सुरुवात केली. त्याआधी बऱ्याच मोटारींची मागची चाकं सायकलसारखी साखळीनं फिरत. पुढं चार्ल्स डाना यांनी कंपनीत पैसा घातला आणि १९४६ मध्ये तिचं नाव डाना झालं, पण आपल्याकडं या जॉइंटच्या, म्हणजे क्रॉसच्या, डब्यावर ‘स्पायसर’ हे नाव आजही दिसतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करासाठी विलीजनं जी जीप बनवली, तिच्यात स्पायसरची ‘मॉडेल १८’ ही ट्रान्सफर केस होती. १९४१ पासून सुमारे तीस वर्षं, थोडेफार फेरफार होत, तीच पेटी अमेरिकेतल्या जीपना बसत राहिली. इकडं १९४५ साली निघालेल्या महिंद्रा कंपनीनं स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत सुट्या भागांतून विलीज जीप जोडायला घेतली, नंतर परवाना घेऊन ती इथंच बनवली. उंच बॉनेटची सीजे-३बी अमेरिकेत १९६८ मध्ये थांबली, तिची लेकरं आणि नातवंडं मात्र आपल्या तहसील कचेऱ्यांसमोर त्यानंतरही कित्येक वर्षं उभी होती.

आता दांड्यांकडं येऊ. एका दांडीनं पुढची चाकं जोडली जातात किंवा सुटतात. दुसरीला तीन जागा: हाय, न्यूट्रल, लो. लोमध्ये पेटीतला गिअर २.४६ पट कमी फेरे देतो (युद्धकाळातल्या जीपमध्ये हा आकडा १.९७ होता). सीजे-३बीचा पहिला गिअर २.७९८ आणि एक्सलचा आकडा ५.३८. हायमध्ये पहिला गिअर टाकला तर गुणाकार पंधरा होतो, म्हणजे इंजिनाचे पंधरा फेरे झाले की चाकाचा एक. लोमध्ये तोच आकडा सदतीसवर जातो. गाडी माणसाच्या चालीनं चालते, पण चाकाच्या ठिकाणी जोर अडीचपट होतो.

इतका जोर एकट्या मागच्या एक्सलवर पडला तर आरी, म्हणजे चाकापर्यंत जाणारा आतला शाफ्ट, पिळून तुटू शकतो. म्हणून दोन दांड्यांच्या सळयांमध्ये एक छोटी लोखंडी गोळी अडसर म्हणून ठेवलेली असते. पुढची चाकं जोडल्याशिवाय ती लो पडूच देत नाही. ‘दांडी अडकते’ म्हणून काही मिस्त्री ही गोळी काढून टाकतात. जुनी पेटी विकत घेताना ती आत आहे का हे आधी बघावं.

या यंत्राची देगलूरला गरज का पडावी? देगलूर नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. पलीकडं तेलंगणातलं मदनूर, दुसऱ्या अंगाला कर्नाटकातलं औराद. नांदेडहून हैदराबादच्या दिशेनं जाणारा हमरस्ता गावावरून जातो आणि रेल्वे आजवर गावाला शिवलेली नाही, त्यामुळं जे काही येतं-जातं ते चाकांवरच. हमरस्ता गुळगुळीत आहे, तिथं मागच्या चाकांची गाडी पुरते. अडचण सुरू होते ती पांदण रस्त्याला. खरिपाचं सोयाबीन काढायची वेळ आणि परतीच्या पावसाची वेळ एकच. खळ्यावर रास तयार आहे, मोंढ्यात भाव चढला आहे, आणि मध्ये दीड किलोमीटर काळी माती. ही माती पाणी पिऊन फुगते, चाकाला चिकटते, टायरच्या नक्षीत भरून बसते. मग टायर गुळगुळीत होऊन जागेवर फिरतो. तालुक्यात ग्रॅनाइटचे खडक असलेल्या भागात वाट टणक असते, तिथं एवढा त्रास नाही. काळ्या रानात मात्र चारही चाकं ओढणारी गाडी असली तर माल त्याच दिवशी निघतो. नसली तर ट्रॅक्टरवाल्याला फोन लावावा लागतो. खरं सांगायचं तर आज बहुतेक लोक फोनच लावतात, आणि म्हणूनच फोर-बाय-फोर पिकअप आता शोधून सापडते.

याच गाडीवर होणारा एक अत्याचार मात्र फार जुना आहे. चिखलातून बाहेर पडल्यावर ड्रायव्हर ‘फोर’ काढायचा विसरतो आणि डांबरीवर तसाच जातो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात, म्हणून त्यांना जास्त फिरावं लागतं. पण या पेटीत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडलेले असतात, त्यांच्यात डिफरन्शियल नाही. चिखलात हा फरक चाकं घसरून भरून काढतात. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा ताण शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये आणि पेटीच्या दातांत साठत जातो.

वळण नसलं तरीही हे घडतं. पुढं झिजलेले आणि मागं नवे टायर घातले की सरळ रस्त्यावरसुद्धा तेच. हिशोब करून बघा. जीपच्या साध्या टायरचा व्यास ७१ सेंटिमीटर धरला तर घेर सुमारे २ मीटर २३ सेंटिमीटर होतो. नक्षी ७ मिलिमीटर झिजली की व्यास १४ मिलिमीटरनं घटतो आणि घेर ४४ मिलिमीटरनं. फरक दोन टक्क्यांचा, दिसायला नगण्य. पण मागची चाकं एक किलोमीटर चालली की त्यांच्याइतकेच फेरे घेणारी पुढची चाकं जवळजवळ वीस मीटर कमी पडतात. हे वीस मीटर कुठंतरी जायला हवेत. ते रबरातून जातात, आणि रबरानं नकार दिला तर लोखंडातून. ताण साठला की दांडी दगडासारखी घट्ट बसते, काढता निघत नाही. जुना ड्रायव्हर अशा वेळी दांडीशी झटापट करत नाही; गाडी रिव्हर्समध्ये थोडी मागं घेतो, ताण सुटतो, दांडी आपोआप हलकी होते. नवा ड्रायव्हर पाय लावून दांडी ओढतो आणि आतला फोर्क वाकवतो.

तर अशी एक पेटी तुम्हाला विकत मिळते आहे. लष्कराच्या लिलावातून निघालेल्या जीपची असेल, अपघातात गेलेल्या गाडीची असेल, किंवा मालकानं गाडी टू-व्हील करून काढून ठेवलेली असेल. हैदराबादच्या बाजूचा भंगारवाला असो की नांदेडचा, एक वाक्य ठरलेलं: ‘फोर कभी लगायाच नहीं, अंदर सब नया है.’ तो खोटं बोलत नसेलही. पण या पेटीच्या बाबतीत त्या वाक्याला किंमत नाही. नंतरच्या काळातल्या बऱ्याच ट्रान्सफर केसमध्ये गाडी टू-व्हील हायमध्ये असताना ताकद सरळ आरपार जाते, बाकीचे गिअर विश्रांती घेतात. मॉडेल १८ मध्ये सरळ वाटच नाही. मागचा शाफ्ट उजवीकडं सरकलेला, म्हणून हायमध्येसुद्धा प्रत्येक फेऱ्याची ताकद गिअरबॉक्सच्या मेनशाफ्टवरच्या गिअरमधून मधल्या दुहेरी गिअरवर आणि तिथून खालच्या शाफ्टवर जाते. मधला गिअर गाडीच्या पहिल्या किलोमीटरपासून शेवटच्यापर्यंत राबत असतो. फोर कधी लावला नसला तरी लाखभर किलोमीटर चाललेल्या पेटीचा मधला शाफ्ट लाखभर किलोमीटरचाच असतो.

म्हणून पेटी घेताना पहिली नजर मधल्या शाफ्टवर टाकायची. खालचं पत्र्याचं झाकण काढायला सांगा. विकणारा नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. मधला गिअर हातानं वरखाली आणि मागंपुढं हलवून बघा. नंतर मागचा योक, म्हणजे पेटीचं शाफ्ट जोडायचं टोक, धरून तसंच करा. बिडाच्या कानांभोवती, म्हणजे गिअरबॉक्सला जोडणाऱ्या बोल्टांच्या भोकांजवळ, चिंधीनं पुसून भेगा शोधा. तिथं वेल्डिंगची रेघ दिसली तर पेटी ठेवून द्या, कारण बिडाचं वेल्डिंग नीट गरम-थंड केलं नसेल तर शेजारीच पुन्हा तडकतं. आत गंजाची आडवी रेघ असेल तर पेटीत पाणी राहिलं होतं, आणि त्या रेघेखालची बेअरिंगं गेली म्हणून समजा.

मग शाफ्टची जाडी. युद्धकाळात हा मधला शाफ्ट पाऊण इंचाचा होता, पुढं तो आधी एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाचा आणि मग सव्वा इंचाचा झाला. लेथवाल्याच्या हिशोबात सहा सूत, नऊ सूत आणि दहा सूत. मिलिमीटरमध्ये १९, २८.६ आणि ३१.७५. तीन मापांचे गिअर, तीन मापांची नीडल बेअरिंगं, तीन मापांचे थ्रस्ट वॉशर. कॅलिपर खिशात न ठेवता पार्ट आणायला गेलेला माणूस चुकीचा किट घेऊन परत येतो.

कागदपत्रांचं थोडक्यात: होती त्याच जातीची पेटी दुरुस्त करून बसवली तर प्रश्न नाही. पण टू-व्हील गाडीला पुढचा एक्सल आणि ट्रान्सफर केस बसवून फोर-बाय-फोर करायची असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मधली बदलाची अट लागू होते. एमएच-२६ असो की एमएच-२४, आधी आरटीओत विचारून या, मग पाना हातात घ्या.

गाडीतली पेटी काढताना गाडी घोड्यांवर ठेवतात, जॅकवर नाही. गिअरबॉक्स आणि पेटी दोन्हींचं ऑइल काढतात. इथंच पहिला पुरावा मिळतो. गिअरबॉक्समधून वाटीभर ऑइल निघालं आणि पेटीतून बदाबदा, तर मधलं सील गेलेलं आहे. गिअरबॉक्सचं ऑइल मेनशाफ्टवरून पेटीत उतरत राहतं. गिअरबॉक्स कोरडा पडतो, पेटी तुडुंब भरून मागच्या सीलमधून गळते. या गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसून पेटीच्या मागच्या शाफ्टवरच्या ड्रमला असतो. गळलेलं ऑइल थेट त्या ड्रमवर जातं. ‘हँडब्रेक धरत नाही’ म्हणून लायनर बदलून थकलेले मालक खूप आहेत, आणि त्यांच्या तक्रारीचं मूळ दोन फूट पुढं, गिअरबॉक्सच्या पाठीत असतं. ड्रम काढताना साचलेली धूळ हवेच्या पाइपनं उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या चिंधीनं पुसावं.

पेटीच्या मागच्या बाजूला एक गोल झाकण आहे. शेतीची यंत्रं चालवायला इथून ताकद घेण्याची सोय विलीजनं ठेवली होती, नांगरटीपासून पाणी उपसण्यापर्यंत सगळं जीप करेल अशी त्यांची जाहिरात असे. आपल्याला त्या झाकणाचा उपयोग वेगळा: ते उघडलं की मेनशाफ्टच्या टोकावरचा खाचांचा नट दिसतो. स्प्लिट पिन काढायची, नट सोडवायचा, गिअर बाहेर ओढायचा. आता पेटीचे बोल्ट काढून ती मागं सरकवायची.

या घडीला घाई केली तर काम दुप्पट होतं. पेटीबरोबर गिअरबॉक्सचा मेनशाफ्टही मागं येऊ पाहतो. तो बोटभर जरी सरकला तरी त्याच्या पुढच्या टोकावरचे बारीक रोलर गिअरबॉक्सच्या तळात पडतात, सिंक्रोनायझर निखळतो, आणि ट्रान्सफर केससाठी आलेल्या गाडीचा गिअरबॉक्सही खोलावा लागतो. यावर कारखान्याच्या पुस्तकातलाच उपाय आहे आणि तो तारेचा आहे. गिअरबॉक्सचं वरचं झाकण काढायचं, मेनशाफ्टवर दुसऱ्या गिअरच्या मागं तारेचा फास घालायचा आणि तारेचं टोक पुढच्या बोल्टला पिळून बांधायचं. शाफ्ट जागेवर राहतो, पेटी एकटी मागं येते. दीड हात तार आणि पाच मिनिटं.

पेटी टेबलावर आली की ती आधी धुतात. देगलूरसारख्या ठिकाणी घमेल्यात डिझेल आणि हातात ब्रश. पण धुण्याआधी एकदा तळातला गाळ बोटांत घेऊन बघावा. करडं, लोण्यासारखं मऊ असेल तर ती रोजची झीज. चकाकणारे पापुद्रे हाताला लागले तर बेअरिंगची कातडी सुटली आहे. टोकदार तुकडा म्हणजे कुठलातरी दात. पिवळी झाक असेल तर पितळेचा भाग, थ्रस्ट वॉशर किंवा पुढच्या शाफ्टच्या टोकाचं बुश. गाळ धुऊन टाकला की ही साक्ष संपते.

मधल्या शाफ्टची पट्टी काढून पितळी पंचानं तो मागच्या बाजूला ठोकून काढायचा. गिअर, सुया आणि वॉशर खालच्या उघड्या तोंडातून हातात येतात. शाफ्ट उजेडात धरून नखानं चाचपा. चांगला शाफ्ट आरशासारखा असतो. गेलेल्या शाफ्टच्या एकाच अंगाला खड्डे दिसतात, कारण शाफ्ट फिरत नाही, गिअर फिरतो, आणि भार नेहमी एकाच बाजूला येतो. असा शाफ्ट अर्धा फेरा फिरवून चांगली बाजू भाराकडं करायची युक्ती सुचवणारे भेटतील, पण पट्टीची खाच एकाच जागी असल्यानं ती जमत नाही, आणि जमली तरी नव्या सुया त्या खड्ड्यांतून जाऊन पंधरा दिवसांत मरतील. शाफ्ट, सुया आणि वॉशर तिन्ही एकदम बदलावे. यात काटकसर नाही.

शाफ्ट ज्या भोकात बसतो ते भोकही बघायचं. ते लंबवर्तुळ झालं असेल तर तिथून ऑइल झिरपतं, कितीही सरस लावला तरी. हे लेथवाल्याचं काम: भोक मोठं करून बुश दाबून बसवायचं आणि आतून मापात कातायचं. पेटी मशीनवर बांधताना दोन्ही टोकांची भोकं एका रेषेत आहेत याची खात्री केल्याशिवाय हत्यार लावू देऊ नये. रेषा चुकली की मधला गिअर तिरका बसतो आणि आयुष्यभर रडत राहतो.

गिअरच्या दातांची टोकं गोल झालेली असतील तर मागचा ड्रायव्हर चालत्या गाडीत लो टाकायचा. या पेटीत सिंक्रोनायझर नाही. सरकणाऱ्या गिअरचे सरळ दात समोरच्या दातांत घुसतात, गाडी उभी असेल तर बिनबोभाट आणि चालू असेल तर किंचाळत. टोकं थोडी गोल असली तर चालतं. दाताच्या अंगावर खड्डे असतील, किंवा दात एका बाजूला झिजून निमुळता झाला असेल, तर गिअर भार आल्यावर आपोआप निसटतो. पांदणीच्या चढावर लोमधून गाडी न्यूट्रलला आली तर भरल्या हौद्यासकट मागं येते, म्हणून इथं दयामाया नको. पुढचं झाकण काढताना मात्र दांड्यांच्या सळयांवर हात ठेवा. सळयांना जागेवर धरणाऱ्या छऱ्यांमागं स्प्रिंग असते, आणि गॅरेजच्या जमिनीवर उडालेला छर्रा शोधणं हा एक वेगळाच धंदा आहे.

आता खरं काम. मागं-पुढं ताकद नेणारा खालचा शाफ्ट दोन निमुळत्या रोलर बेअरिंगांवर फिरतो, एक पुढच्या टोकाला आणि एक मागच्या. निमुळत्या बेअरिंगचा स्वभाव असा की दाबाल तितकं घट्ट, सोडाल तितकं सैल. त्याला स्वतःचं माप नसतं. ते माप मागच्या झाकणाखाली घातलेल्या पातळ पत्र्यांनी ठरतं. हे शिम. पत्रे वाढवले की झाकण मागं सरकतं आणि शाफ्ट सैल होतो, कमी केले की आवळतो. कारखान्याच्या पुस्तकात शाफ्टची मागंपुढं हालचाल ४ ते ८ थाऊ सांगितली आहे, म्हणजे ०.१० ते ०.२० मिलिमीटर. आपला केस साधारण यातल्या लहान आकड्याएवढा किंवा त्याहून बारीक असतो.

आठाच्या वर गेलात तर शाफ्ट मागंपुढं आपटतो, सील खातो, गिअर निसटतात. चारच्या खाली का नको हे कमी लोक सांगतात. गाडी सुरू झाली की शाफ्ट आणि गिअर आधी तापतात, बिडाची जाड पेटी उशिरा. शाफ्टचं पोलाद दर अंशाला लांबीच्या सुमारे एक लाखांशापेक्षा थोडं जास्त वाढतं. दोन बेअरिंगांमधलं अंतर १५० मिलिमीटर धरा आणि शाफ्ट पेटीपेक्षा ४० अंशांनी गरम धरा: वाढ ०.०७ मिलिमीटर. थंड असताना जागा ०.०५ ठेवली असेल तर ती संपून वर बेअरिंगवर दाब येईल. मग ते तापतं, आणखी वाढतं, आणखी तापतं, आणि रोलर निळे पडतात. गाडी मालकाला ‘एकदम टाइट बांधून दिली’ म्हणून जी पेटी मिळते, तिच्यातली बरीचशी अशीच जाते. घट्टपणा ही या कामात शाबासकी नाही.

माप घ्यायची रीत अशी. बेअरिंग बसवताना ते ठोकत नाहीत. ऑइलच्या भांड्यात ते शंभर अंशांच्या आसपास गरम करतात. ३५ मिलिमीटर भोकाचं बेअरिंग सत्तर अंशांनी तापलं की भोक तीन शतांश मिलिमीटर मोठं होतं. एवढं पुरतं, चिमट्यानं उचलून शाफ्टवर सोडलं की ते खाली जाऊन बसतं. भांड्याच्या तळाला बेअरिंग टेकू देऊ नये, तारेनं अधांतरी टांगावं. शाफ्ट पेटीत घातल्यावर, मागचं झाकण अंदाजे शिम घालून पूर्ण आवळायचं. मग शाफ्टच्या टोकावर आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं मऊ हातोडीचा टोला द्यायचा, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्या आपल्या जागी जाऊन टेकतात. हा टोला न देता घेतलेलं माप फसवं असतं. पहिल्या शंभर किलोमीटरांत कड्या बसतात आणि चार थाऊचे दहा होतात.

आता डायल गेजचं चुंबक पेटीवर, काटा शाफ्टच्या टोकावर. शाफ्ट पुढं ढकला, काटा शून्यावर आणा, मागं ओढा, वाचा. जास्त आला तर शिम काढा, कमी आला तर घाला. झाकण पुन्हा पूर्ण आवळा, पुन्हा वाचा. डायल गेज बऱ्याच छोट्या गॅरेजमध्ये नसतं, पण लेथवाल्याकडं असतंच, आणि तो तासाभरासाठी देतो. फक्त हाताच्या अंदाजानं पाच आणि पंधरा थाऊमधला फरक ओळखणारे कारागीर आहेत, हे मान्य. पण त्यांनाही गेज लावून दाखवलं की ते नाही म्हणत नाहीत, आधी स्वतःचा अंदाज सांगतात आणि मग काटा बघतात.

शिमच्या जागी कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून घालणारे आहेत. त्या पत्र्याची जाडी ०.१० मिलिमीटरच्या आसपास असते, मापाला तो बसतोही. पण ॲल्युमिनियम दाबाखाली चेपत जातं आणि माप हळूहळू घसरतं. पोलादाचा शिम पत्रा बेअरिंगच्या दुकानात मिळतो, तो कात्रीनं कापता येतो, तेव्हा डब्याचा नाद सोडावा. आणखी वाईट म्हणजे शिमबरोबर कागदाची जाड पॅकिंग घालणं. ऑइल गळू नये म्हणून घातलेला कागद सगळं मोजमाप रद्द करून टाकतो. तिथं शिमवर सरसाचा पातळ हात पुरतो.

सील बसवण्याआधी योकवर ज्या जागी सील घासतं ती जागा बघा. जुन्या सीलनं तिथं खाच पाडली असेल तर नवं सीलही त्याच खाचेत बसून गळेल. खाच नखाला लागत असेल तर योक बदला किंवा लेथवर पॉलिश करून घ्या. सीलच्या ओठाला आधी ग्रीस लावायचं, कोरडं सील पहिल्याच मिनिटात जळतं. पेटीला हवा सोडणारी छोटी टोपी असेल तर तिच्यातली माती टाचणीनं काढा. ती बुजली की गरम हवा बाहेर पडायला वाट नसते, आणि मग ती ऑइल घेऊन सीलमधून बाहेर पडते. लोक तेव्हा पुन्हा सील बदलतात.

साखळीच्या ट्रान्सफर केसबद्दल दोन शब्द, कारण नंतरच्या बऱ्याच पिकअपमध्ये त्या आल्या. पेटी ॲल्युमिनियमची, हलकी. पुढच्या शाफ्टला ताकद रुंद साखळीनं जाते. आवाज कमी येतो. साखळी सैल झाली की जोर लावताना ती दातांवरून उडी मारते आणि खाडकन आवाज येतो. ती आवळता येत नाही, बदलावीच लागते, आणि तिनं आतून पेटीला घासून भोक पाडलं असेल तर पेटीच गेली. त्यांचं ऑइलही वेगळं असू शकतं, त्यामुळं त्या गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच घाला.

आपल्या बिडाच्या पेटीत ९० नंबरचं, जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल, सुमारे दीड लिटर. बाजूच्या बूचापर्यंत भरायचं, वर नाही. भरताना गिअरबॉक्सचंही पुन्हा भरायचं, ते विसरून पेटीचंच कौतुक करत गाडी दिली जाते आणि महिन्याभरात गिअरबॉक्स बोलू लागतो. हँडब्रेक नव्यानं लावून घ्या. पहिली चाचणी गाडी घोड्यांवरच असताना: चारही चाकं हवेत, गिअर पहिला, फोर लावलेला. हाय, मग क्लच दाबून चाकं थांबवून लो. न्यूट्रलला येऊन हातानं मागचा शाफ्ट फिरवा. तो सहज फिरला पाहिजे, पण मोकाट नको. रस्त्यावर दहा-बारा किलोमीटर जाऊन आल्यावर मागच्या झाकणावर तळहात ठेवा. हात ठेवून राहवत असेल तर बरोबर. चटका बसून हात उडाला तर शिम कमी पडला आहे आणि पुन्हा उघडणं आलं, आजच, उद्या नाही.

पाचशे किलोमीटर झाले की पहिलं ऑइल गरम असताना काढून टाकायचं आणि ते स्वच्छ भांड्यात घ्यायचं. त्यात चुंबक फिरवला तर दातांची बारीक करडी पूड येणारच. याच वेळी गाडीखाली जाऊन मागचा योक मागंपुढं ढकलून बघा. बेअरिंगं आता पूर्ण बसलेली असतात आणि हालचाल थोडी वाढलेली असू शकते. गेज पुन्हा लावा. आठाच्या वर गेली असेल तर एक पातळ शिम काढा, झाकण आवळा, आणि निघालेला शिम फेकू नका, त्याच्या जाडीचा आकडा खडूनं लिहून ठेवा. पुढच्या वेळी पेटी उघडणाऱ्याला तिथून सुरुवात करता येते.